परत येणारी भांडी

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातला फ्लॅट बदलला. स्वयंपाकघर आवरताना दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली म्हणजे पिशव्यांची पिशवी. ती तुमच्याही घरी असेल. दारामागच्या खिळ्याला टांगलेली, फुगलेली, ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेली. मी सवयीने इंजिनिअर आहे, त्यामुळे आतल्या पिशव्या मोजल्या. एकशे बेचाळीस निघाल्या. शिवाय ओट्याखाली काळ्या बुडाचे, पारदर्शक झाकणाचे सदतीस डबे होते. रात्री उशिरा काम संपल्यावर मागवलेल्या जेवणांचा तो हिशोब.

दुसरी गोष्ट म्हणजे आजीची बरणी. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरट, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. तीन वर्षांपूर्वी सांगलीहून निघताना आजीने ती लोणच्याने भरून दिली होती. लोणचं दोन महिन्यांत संपलं. बरणी तिथेच राहिली. आजी फोनवर दर वेळी विचारायची, “बरणी कधी आणतोस?” मला वाटायचं, म्हातारपणी माणसं वस्तूंत अडकतात. एकदा तर मी तिला झाकणाला रबर असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांचा सेट ऑनलाइन पाठवला आणि म्हटलं, “आता बरणीचं टेन्शन सोड.”

एकशे बेचाळीस पिशव्यांपैकी एकही कुणी परत मागितली नव्हती. बरणी मात्र तीन वर्षं मागितली जात होती. या फरकाचा विचार करत मी जुनं वाचायला लागलो. हा लेख त्यातूनच झाला.

जमिनीतला डबा

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या सर्वांत मोठ्या, पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार सापडलं. जमिनीत खणलेली पेवं आणि कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे. ते घर गावच्या प्रमुखाचं असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे धान्य साठवणं हे तेव्हाही नुसतं स्वयंपाकघराचं काम नव्हतं. साठा कुणाच्या दाराशी आहे, यावर गावात कुणाचं चालतं ते ठरत होतं.

याच वस्तीत लहान मुलांना पुरताना दोन मातीचे घडे तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेलं आढळतं, तेही घराच्या जमिनीखाली. आपल्याला जे टिकवायचं आहे, ते मडक्यात ठेवायचं, एवढंच त्या आईबापांना माहीत असेल. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

इनामगावचं पेव तीन हजार वर्षांनी माझ्या घरापर्यंत आलं. आमचे आजोबा सांगलीत हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली जमीन खास. पांढरी, चिकट, आत पाणी न झिरपू देणारी. व्यापारी तिथे पेवांत हळद साठवत. पेव म्हणजे जमिनीतला चंबूच. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट रुंद, दोन-तीन पुरुष खोल. आतून सारवायचं, कडेने पाल्याचा किंवा गवताचा थर द्यायचा, हळद भरायची, तोंड झाकून मातीने लिंपून टाकायचं. अशी हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. बाजार पडला की पेव बंद, भाव चढला की उघडायचं.

हे चालतं कसं? साठवलेला शेतमाल आणि त्यातले किडे दोघेही श्वास घेतात. पेव बंद केलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग किडे मरतात, त्यांची पैदास थांबते. औषध नाही, धुरी नाही. किडीचा श्वासच तिच्यावर उलटतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळी किडीपासून वाचवण्यासाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या तयार केल्या. त्यांचं तत्त्व हेच. फक्त तिथे जमिनीच्या जागी प्लास्टिक आहे.

पण ज्या हवेत किडे मरतात, त्या हवेत माणूसही मरतो. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. कंदील जळत राहिला तरच हमालाने उतरायचं. मी लहानपणी विचारलं होतं, “आणि कंदील सोडायचं विसरलं तर?” आजोबांनी उत्तर दिलं नव्हतं. पानाला चुना लावत राहिले होते. उतरणारा माणूस अडत्या नसायचा आणि दिवाणजीही नसायचा, हे मला फार उशिरा कळलं.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. क्लासचं पेव फुटलंय, रीलचं पेव फुटलंय. वस्तू गेली, शब्द राहिला.

टिकायचं कुणी, पदार्थाने की डब्याने?

आपण ‘प्लास्टिकला पर्याय’ शोधतो तेव्हा नजर डब्याकडे जाते. जुन्या काळी टिकण्याची जबाबदारी बरीचशी पदार्थावर होती. प्रवासाला निघताना कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करत, कारण त्या जास्त टिकत आणि सोवळ्यातही चालत. सोलापूरकडची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सांडगे, कुरडया, पापड ही सगळी ओल काढून टाकण्याची तंत्रं आहेत. ओल नसेल तर फडकं पुरतं. शिदोरी फडक्यात बांधली जायची, कारण आतल्या भाकरीला त्याहून जास्त काही लागतच नव्हतं.

ज्यात ओल ठेवायचीच आहे, त्यासाठी मीठ आणि तेल. आणि त्यासाठी बरणी. मीठ-आंबट धातूला खातं आणि साध्या मडक्यातून झिरपतं. म्हणून वर काचेसारखा लुकणारा थर असलेली भाजकी भांडी हवीत. अशा मोठ्या बरण्यांना मर्तबान म्हणत. हे नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचं. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता आपल्या प्रवासात मिळालेल्या एका नजराण्याची नोंद करतो. चार मर्तबानं भरून आलं, मिरी, लिंबं आणि आंबे, समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेले. म्हणजे माझ्या ओट्याखालच्या बरणीची खापरपणजी सातशे वर्षांपूर्वी जहाजावर होती आणि तिच्यातही कैरीच होती.

याच्या अगदी उलट टोकाला पत्रावळ. पळसाची किंवा वडाची पानं, चोयांनी टाचलेली. जेवण झालं की उकिरड्यावर, पावसाळा संपेपर्यंत माती. आज आपण तिला पर्यावरणपूरक म्हणतो. पण पत्रावळ चालली त्यामागे केवळ निसर्गप्रेम नव्हतं. एकदा तोंडाला लागलेलं ते उष्टं आणि उष्टं कुणी शिवायचं हा जातीचा प्रश्न होता. धातूचं भांडं राखेने, अग्नीने शुद्ध करता येतं, मातीचं भांडं मात्र विटाळलं की फोडायचं, असं शास्त्र सांगायचं. ‘वापरा आणि फेका’ ही कल्पना आपल्याकडे प्लास्टिकच्या फार आधीची आहे. फेकलेलं कुजायचं, एवढंच काय ते बरं. आणि ते फेकायला कोण जायचं, हे ठरलेलं होतं.

कल्हई आणि आजीचे हात

पितळेचा डबा मजबूत, पण त्यात ताक ठेवलं की कळकतं. आंबटाने तांबं सुटतं आणि पदार्थ हिरवट, कडू होतो. त्यावर उपाय कल्हई. आजीच्या लहानपणी वर्षातून दोनदा कल्हईवाला दारात भाता लावायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाचा तुकडा भांड्याला घासून कापसाच्या बोळ्याने तो क्षणात सगळीकडे फिरवायचा आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज आणि आत चांदी. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कोळशाच्या साध्या भात्यावर हे जमतं.

मग ॲल्युमिनियम आलं. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हलकं, स्वस्त, पण आंबटाशी त्याचंही जमत नाही. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद तयार केलं. त्यातल्या क्रोमियमचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बनतो आणि ओरखडा गेला तरी आपोआप भरून येतो. म्हणजे कल्हई स्वतःची स्वतः होते. आपल्या घरांत ते रुळायला आणखी काही दशकं गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सालेमच्या सरकारी कारखान्यातून स्टेनलेस स्टीलचे पत्रे निघू लागले आणि लग्नाच्या रुखवतात स्टील चमकू लागलं. बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी द्यायची. काही वर्षांनी तिच्याच टोपलीत प्लास्टिकचे टब आले.

मी आजीला विचारलं, पितळ गेल्याचं वाईट वाटलं का? ती हसली. “वाईट? अरे, चिंच लावून लावून बोटांना भेगा पडायच्या. स्टील आलं आणि माझे हात सुटले.”

हे वाक्य मी जपून ठेवलंय. प्लास्टिकमुक्त जुन्या काळाचं कौतुक करणाऱ्या पोस्ट दिसल्या की मला भेगा पडलेली बोटं आठवतात आणि कंदील विझलेलं पेव आठवतं. त्या काळात प्लास्टिक नव्हतं. त्याचा खर्च काही माणसांच्या अंगावर पडत होता आणि त्या माणसांची नावं कुठल्या वहीत लिहिली जात नव्हती.

जाणं आणि येणं

या सगळ्या वस्तू समोर मांडल्यावर मला त्यांचे दोनच प्रकार दिसतात. काही परत येतात आणि काही कुजतात. बरणी, पितळी डबा, कापडी पिशवी परत येतात. पत्रावळ, द्रोण, केळीचं पान कुजतात.

परत येण्याची सर्वांत मोठी व्यवस्था मुंबईत उभी राहिली. डबेवाल्यांचं काम १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं असं सांगितलं जातं. मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव भागातली ही माणसं. त्यांच्याबद्दल बोलताना सगळे डबा वेळेवर पोचण्याचं कौतुक करतात. झाकणावरच्या रंगीत खुणा, बदलणारे हात, लोकल. मला सॉफ्टवेअरमधला माणूस म्हणून दुसरीच गोष्ट मोठी वाटते. संध्याकाळी तोच रिकामा डबा त्याच घरी परत येतो. निरोप पाठवणं सोपं असतं. पोचल्याची पोच परत आणणारी यंत्रणा बांधणं अवघड. त्यांनी ती कागदाशिवाय बांधली.

मुंबईतच आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर पन्नीचं झाकण. पहाटे केंद्रावर रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. पुढे प्लास्टिकची पिशवी आली. बाटली फुटायची, धुवावी लागायची, वजनदार होती. पिशवी कात्रीने कापली की विषय संपला. म्हणजे घरातला संपला.

तिसरी जात

पॉलिथिन अपघाताने सापडलं. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्थविच इथल्या कारखान्यात रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट इथिलीन वायूवर प्रचंड दाब देत होते. सकाळी भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ दिसला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांच्या आवरणासाठी वापरला गेला. १९६५ साली स्वीडनच्या एका कंपनीला स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी आखलेल्या एकसंध, कानवाल्या पिशवीचं पेटंट मिळालं. आज बाजारात हातात येते ती हीच. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितलं की, वडील एक पिशवी घडी घालून नेहमी खिशात ठेवायचे. कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात, त्याऐवजी ही पुन्हा पुन्हा वापरावी, असा त्यांचा विचार होता. पिशवी बनवणाऱ्याच्या मनात ती परत येणारी वस्तू होती.

पण एवढ्या स्वस्त वस्तूला परत आणण्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त असतो. म्हणून ती परत येत नाही. आणि कुजतही नाही. ही तिसरी जात आपल्या स्वयंपाकघरात याआधी कधीच नव्हती.

२००५

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडालं. कारणं बरीच होती. भरती, आक्रसलेली मिठी नदी, जुनी गटारं. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घालणारे नियम केले.

त्याच पावसात कृष्णाही चढली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आम्ही ओळखीच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो होतो आणि मला ती सहल वाटत होती. पाणी ओसरल्यावर आजोबा हरिपूरला गेले. मीही हट्ट करून गेलो. पेवांत पाणी शिरलं होतं. जी माती पाणी झिरपू देत नव्हती, तिच्यावर नदीच येऊन बसली तर तिने काय करावं? कुजलेल्या हळदीचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या मातीचा, औषधाचा आणि सडक्याचा एकत्र. आजोबा एका पेवाच्या कडेला उभे होते. म्हणाले, “हे आता परत कोण भरणार?” त्या पुरानंतर हरिपूरची पेवं बहुतांशी मोडीत निघाली. हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर पेव ही दाखवायची गोष्ट झाली होती. २०१९ ला कृष्णा पुन्हा घरात आली, २००५ पेक्षाही वर. आजोबा तेव्हा नव्हते.

एकाच पावसाळ्यात मुंबईत न कुजणारी वस्तू तुंबली आणि सांगलीत हजारो वर्षांची साठवण कुजली. याचा कुणावर ठपका ठेवता येत नाही. पण मला वाटतं, आपल्या जेवणाच्या इतिहासात ते साल कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

पन्नास पैसे

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तुरुंगवासही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. आम्ही सगळ्यांनी आठवडाभर कापडी पिशव्या वापरल्या. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी गाड्याखालून हळूच पातळ पिशवी काढली आणि मी ती हळूच घेतली. दंड झाला असता तर त्यांना झाला असता. माझ्या सोयीची जोखीम त्यांच्यावर होती. पेवात उतरणारा इथेही दुसराच कुणीतरी.

२०१८ च्या त्या अधिसूचनेत एक छोटं कलम होतं. दुधाच्या जाड पिशव्यांना बंदीतून सूट होती, पण त्यांवर परतखरेदीची किंमत छापायची होती, किमान ५० पैसे. रिकामी पिशवी द्या, पैसे घ्या. आरेच्या बाटलीला कायद्याने पुन्हा बोलावण्याचा हा प्रयत्न होता. तो नीट रुजला नाही. पिशव्या गोळा करायच्या कुणी, ठेवायच्या कुठे, न्यायच्या कुणी, या प्रश्नांवर घोडं अडलं. मला मात्र त्या बंदीतली सर्वांत शहाणी ओळ तीच वाटते. कारण तिने बरोबर प्रश्न विचारला होता. वस्तू कशाची आहे, याआधी ती परत कशी येणार, हे विचारायला हवं. बांबूचा डबा, उसाच्या चिपाडाची थाळी, काचेची बरणी, यांतलं काहीही आणा. परतीची वाट नसेल आणि कुजायला माती नसेल, तर तो कचराच. आणि परतीची वाट असेल तर ती चालणाऱ्याला मजुरी आणि मान दोन्ही मिळायला हवं. नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी बोटांना भेगा पडणारच.

मी स्वतः फार काही बदललो नाही, हे कबूल करतो. ऑफिसला स्टीलचा डबा नेतो. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात माझे दोन डबे फिरते ठेवलेत, एक जातो, एक येतो. तिथल्या काकू घासायचे वीस रुपये वेगळे घेतात. महिन्यातून चार-पाचदा काळ्या बुडाचा डबा अजूनही येतो.

बरणी मात्र दिवाळीत सांगलीला नेली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी काजू भरून नेले. आजीने झाकण काढलं, काजू ताटात ओतले, बरणी उजेडात धरली आणि आत बोट फिरवलं.

“नीट घासली नाहीस,” ती म्हणाली. मग ती विसळून, उन्हात पालथी घालून आली. “वाळू दे. चैत्रात कैरी आली की घेऊन जा.”

मी पाठवलेला प्लास्टिकच्या डब्यांचा सेट फळीवर होता. त्यात तिने माझ्या शाळेची बटणं, सुया आणि रिळं ठेवली होती.